धुरीबाईंचा तक्ता

आमच्या संस्थेत एकेक रेणू वेगळा बघता येईल अशी तीन यंत्रं होती आणि ती तिन्ही धुरीबाईंची होती. कागदोपत्री ती संस्थेची. दारावरच्या पाटीवर उद्घाटन करून गेलेल्या कुणा मंत्र्याचं नाव. पण खोलीची किल्ली बाईंच्या कमरेला असे, आणि त्या चार दिवस गावी गेल्या की तिन्हींपैकी एक यंत्र हमखास बसकण मारी. मग आम्ही पीएच.डी.चे विद्यार्थी, संगणकात सगळं कळतं म्हणून मिरवणारे, त्याच्याभोवती उभे राहून एकमेकांची तोंडं बघत असू.

सुलभा धुरी. हुद्दा तांत्रिक सहायक. मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा बाई बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होत्या, आणि पुढचं शिक्षण तिथेच राहिलं. लग्न केलं नाही, घाटकोपरला धाकट्या बहिणीबरोबर राहत. एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत आहे, आणि त्यांच्या खोलीत मी सहा वर्षं काढली. माझ्याबद्दलचं सगळं त्यांनी विचारून घेतलं होतं: बोरीवलीचं घर, आईची शुगर, मुली बघायचे कार्यक्रम. मी त्यांना उलट काही विचारल्याचं आठवत नाही. आम्ही उद्याचे शास्त्रज्ञ, त्या 'स्टाफ'. कँटीनमध्ये टेबलंसुद्धा वेगळी होती. तसा नियम कुणी केला नव्हता, पण पाळत सगळेच होते, आणि मी जरा जास्तच.

ठेंगण्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, साडीचा पदर पिनेने पक्का टाचलेला. आमच्याशी त्या साधं ऑफिसातलं मराठी बोलत. यंत्रांशी मात्र मालवणीत. लेझर लागेना की त्याच्या डब्यावर हात ठेवून म्हणत, "काय झालां गो तुका? कित्या रुसलंस?" पोरं हसायची. मीही हसायचो. यंत्र चालू व्हायचं, पण त्याआधी त्यांनी तीन स्क्रू, दोन आरसे आणि एक केबल तपासलेली असायची, हे हसणाऱ्यांच्या लक्षात यायचं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी चांगली जिरवली. आमचं काम असं असे की प्रोटीनला चमकणारा रंग लावायचा, लेप दिलेल्या काचेच्या पातळ चकतीवर त्याचा थेंब सोडायचा आणि त्यावर लेझरचा प्रकाश टाकायचा. काळ्या पडद्यावर ठिपके उमटतात. एक ठिपका म्हणजे एक रेणू, निदान अशी आशा. मी माझा पहिला नमुना बाईंच्या हातात दिला, त्यांनी चकती लावली, आणि पडद्यावर आकाशभर चांदणं फुटलं. मी अर्धा तास ठिपके मोजले. मित्राला बोलावून दाखवले. आईला फोन केला. बाई शेजारी स्टुलावर बसून लेन्स पुसायचे कागद कापत होत्या.

"झालं मोजून?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम. जबरदस्त आलंय ना?"

"देवधर, तुझं प्रोटीन त्या डब्यात बर्फात आहे. मी रिकामी काच लावली होती."

"मग हे काय आहे?"

"धूळ. साबण. कुणाच्या तरी बोटाचं तेल. तेही चमकतं, आणि एकेक करून विझतंही, थेट तुझ्या रेणूसारखं. उद्यापासून आधी रिकामी काच बघायची, वहीत लिहायचं, मग स्वतःचं बघायचं."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. मित्रासमोर पचका झाला याचंच मला जास्त लागलं होतं. त्या अर्ध्या तासात त्यांनी माझी दोन वर्षं वाचवली, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

त्यांचे असे नियम पुष्कळ होते. खोलीत पावडर लावून यायचं नाही, गजरा घालून यायचं नाही. यंत्रावरचं वाचन ज्याचं त्याने सांगायचं. "मी सांगितलं तर ते माझं होईल" असं म्हणून त्या आकडा दिसत असूनही गप्प राहत. आणि पांढरा शर्ट घालून आलात तर वरून निळा कोट चढवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून साबणात जे घालतात ते लेझरखाली झळाळतं, आणि त्या शर्टाचा एक धागा काचेवर पडला तर पोराचा आठवडा मातीत जातो.

आता आमचे सर, म्हणजे माझे गाईड आणि विभागाचे प्रमुख, कायम पांढरा शर्ट घालत. कडक इस्त्रीचा. एकदा दिल्लीहून आलेल्या समितीला घेऊन ते खोली दाखवायला आले. बाई दारात उभ्या राहिल्या.

"सर, कोट घाला."

"अहो बाई, दोन मिनिटांचं तर काम आहे."

बाईंनी वाद घातला नाही. दिवा मालवला आणि आपल्या कोटाच्या खिशातला छोटा जांभळा टॉर्च सरांच्या छातीवर मारला. सरांचा शर्ट ट्यूबलाइटसारखा पेटला. पाहुणे खो खो हसले. सरही हसले आणि मुकाट्याने कोट चढवला. पण सर विसरणाऱ्यातले नव्हते, आणि बाई घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. अशा दोन माणसांत खरी अडचण तिसऱ्याची होते. तो तिसरा मी होतो.

वर्षातून एकदा कॉलेजची मुलं संस्था बघायला येत. त्यांना शास्त्र समजावून द्यायचं काम आम्हा विद्यार्थ्यांचं, पण मुलं हळूहळू आमच्याकडून सटकून बाईंभोवती गोळा व्हायची. एका मुलीने त्यांना विचारलं, रेणू बघायला तीन तीन मायक्रोस्कोप कशाला लागतात?

"समज, आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आलाय," बाई म्हणाल्या. "तो एकटा राहतो की बायको आहे, हे आम्हाला कळायला हवंय. कळलं नाही तर झोप लागणार नाही, अशा आम्ही. तर एक शेजारीण गच्चीवरून बघते. तिला सगळं आवार दिसतं, पण गर्दीत हा कुठला नि तो कुठला, पत्ता लागत नाही. तो हा साधा मायक्रोस्कोप. सगळीकडे उजेड टाकतो, म्हणून सगळंच चमकतं. दुसरी गेटवर उभी. गेटातून त्या क्षणी जो जाईल तेवढाच तिला दिसतो, पण चालताबोलता दिसतो. तो हा कन्फोकल. पाण्यात तरंगणारा रेणू एका टिंबाएवढ्या उजेडातून जातो, तेवढ्यात त्याला पकडायचं. आणि तिसरी खाली जिन्याजवळच्या बाकाशी. बाकावर जो येऊन टेकेल तोच तिला दिसतो, पण असा की चष्म्याचा नंबर सांगेल. तो हा टर्फ. काचेला चिकटून जेवढे बसलेत तेवढ्यांवरच उजेड, वर सगळा अंधार."

"मग खरं कोण सांगतं?" मुलीने विचारलं.

"तिघीही खरंच सांगतात गं. पण तिघींचं जुळलं नाही, तर कोण खोटं बोलते ते विचारू नको. कोण कुठे बसली होती ते विचार."

मी मागे उभा राहून ऐकत होतो. याच विषयावर मी प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण लिहिलं, चाळीस पानं. त्यात याहून जास्त काही नाही.

आमचं प्रोटीन पेशीतल्या तुटलेल्या डीएनएची डागडुजी करणारं होतं, आणि ते जोडीने काम करतं, असा सरांचा सिद्धांत होता. सिद्धांत कसला, वीस वर्षांचा संसार होता तो. मी टर्फवर बघितलं तर खरंच जोड्या दिसल्या. ठिपका एका झटक्यात विझला तर तिथे रेणू एक. दोन पायऱ्यांनी विझला तर दोन. माझे बहुतेक ठिपके दोन पायऱ्यांनी विझत होते. सर खुश. मला खांद्यावर थाप मिळाली, तीही चार लोकांसमोर.

पुढचे तीन आठवडे, आमची कामं आटोपली की, त्याच बाटलीतला नमुना बाई दुसऱ्या दोन यंत्रांवर लावत राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मग एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर एक पान ठेवलं. लाल पेन्सिलीने आखलेला तक्ता, तीन रकाने, अक्षर शाळेतल्या बाईंसारखं गोल. टर्फवर, काचेला चिकटलेले: बहुतेक जोडीने. कन्फोकलवर, पाण्यात तरंगणारे: एकेकटे. साध्यावर, जेलीसारख्या थरात अडकवलेले: दिसायला वाईट, पण जेवढे दिसले तेवढे एकेकटे. आणि खाली एक ओळ: काचेचा लेप बदलला की टर्फवरच्या जोड्याही जवळजवळ नाहीशा.

"काच बदलली की जोडी मोडते," बाई म्हणाल्या. "मग ती जोडी प्रोटीनची की काचेची? आपला लेप चिकट आहे, देवधर. जागोजाग डबकी झाल्यासारखी झालीयत, त्यात दोघं दोघं येऊन बसतात. बाकावर दोघं शेजारी बसली म्हणून नवरा-बायको होत नाहीत."

मला त्याच क्षणी पटलं. हे मी स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे मी जे जे केलं ते न पटल्यामुळे केलं अशी पळवाट मला राहू नये.

"ही प्रत तुला," त्या म्हणाल्या. "मूळ माझ्या वहीत आहे. पेपरात माझं नाव नको, माझं ते काम नव्हे. पण हा तक्ता घाला. खोटं ठरलं तर खोटं ठरू दे, पण वाचणाऱ्याला दिसू दे."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. एक पान.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सरांच्या केबिनमध्ये गेलो. सरांनी मला बसायला सांगितलं. बाईंना सांगितलं नाही, त्या उभ्या राहिल्या. मीही उठलो नाही. सरांनी तक्ता बघितला, छान आखलाय म्हणाले.

"पण कन्फोकलच्या आरशांचं जुळवणं त्या दिवशी बरोबर होतं कशावरून?"

"नुसत्या रंगाचं द्रावण लावून तपासलंय सर. मागच्या पानावर आहे."

सरांनी पान उलटलं नाही. "धुरीबाई, तुमच्याइतकी मशिनं कुणाला कळत नाहीत, हे मी सगळीकडे सांगतो. पण त्यातून निघतं त्याचा अर्थ लावणं आमच्यावर सोडा ना." आणि माझ्याकडे वळले. "काय रे? काम तुझं आहे. तुला काय वाटतं?"

माझं पाचवं वर्ष संपत आलं होतं. टर्फच्या जोड्या काढून टाकल्या तर प्रबंधात नमस्कार आणि संदर्भसूची उरत होती. मी म्हटलं, "कन्फोकलवर थोडा नॉइज असतो, सर."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, कामाचं काही विचारावं तसं विचारलं, "कुठल्या दिवशीचा नॉइज, देवधर?"

सर म्हणाले, "चला, झालं तर मग," आणि फोन उचलला.

पेपर छापून आला, तक्त्याशिवाय. मोठ्या नियतकालिकात आला, संस्थेत पेढे वाटले. शेवटी आभाराच्या परिच्छेदात सरांनी एक ओळ घातली होती: यंत्रांच्या काळजीपूर्वक देखभालीबद्दल श्रीमती सुलभा धुरी यांचे आभार. छपाईआधीचा मजकूर माझ्याकडे आला तेव्हाच मी बाईंना मोठ्या उत्साहाने ती ओळ दाखवली होती. वाटलं, भरपाई झाली.

"माझं नाव काढ," त्या म्हणाल्या.

"बाई, अहो चांगलंच लिहिलंय ना!"

"यंत्रं मी सांभाळली असं लिहिलं की त्यातून निघालेलं मी बघितलं असं माणूस धरणार. मी जे बघितलं ते तुम्ही घातलं नाय. तुम्ही जे घातलंत त्याला मी नाय. काढ ते."

"सांगतो सरांना," मी म्हटलं, आणि सांगितलं नाही. किती क्षुल्लक गोष्ट! एक ओळ खोडायला सांगायची. पण त्यासाठी सरांच्या केबिनमध्ये धुरीबाई हा विषय पुन्हा काढावा लागला असता, आणि तेवढी धमक माझ्यात नव्हती. लोक मोठमोठ्या प्रलोभनांना बळी पडतात म्हणे. मला तेवढंही लागलं नाही.

मला पदवी मिळाली. पार्ल्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली. पेढे घेऊन बाईंना भेटायला गेलो, तर त्यांनी अर्धा पेढा खाल्ला, अर्धा बहिणीसाठी कागदात बांधून ठेवला आणि विचारलं, "पर्मनंट कधी करतील?" म्हटलं, दोन वर्षं प्रोबेशन. "सांभाळून राहा," म्हणाल्या.

त्या दोन वर्षांतच बाहेरच्या एका प्रयोगशाळेने दाखवून दिलं की आमचं प्रोटीन जोडीने वगैरे राहत नाही. एकटं असतं. काचेच्या चिकट लेपावर जोडी झाल्यासारखं दिसतं. जणू धुरीबाईंचा तक्ताच कुणी इंग्रजीत लिहिला होता. सरांना पत्रं यायला लागली. त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते, मोठ्या मानाच्या कुठल्याशा पदासाठी नाव चालू होतं. वीस वर्षांचा सिद्धांत चुकला असं म्हणण्यापेक्षा काच नीट धुतली गेली नव्हती असं म्हणणं सोपं. आणि काचा कोण धूत असे, यंत्रं कोण बघत असे? उत्तर पेपरातच छापलेलं होतं, आभारासकट.

तीन जणांची समिती बसली. मला कॉलेजातून बोलावून घेतलं होतं. लांबलचक टेबल, एका टोकाला समिती, एका बाजूला सर, त्यांच्याशेजारी मी, आणि बाई समोर. अध्यक्षांनी ती आभाराची ओळ मोठ्याने वाचली.

"यंत्रांची देखभाल तुमच्याकडे होती?"

"होय."

"मग निष्कर्ष चुकला त्याची जबाबदारी..."

"यंत्र चुकलं नव्हतं, सर. काच धुतलेलीही स्वच्छ होती. लेप चिकट होता, आणि ते मी तेव्हाच लिहून दाखवलं होतं."

"कुठे?"

"माझ्या वहीत."

वह्या दोन आठवडे आधीच चौकशीसाठी सरांच्या ऑफिसात जमा केल्या होत्या. त्यांतली नेमकी त्या वर्षाची सापडत नव्हती. सर म्हणाले, शोध चालू आहे. अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुठे नोंद? प्रत?

"एक प्रत दिली होती."

"कुणाला?"

मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीवरची अक्षरं वाचत होतो, ती मला आजही पाठ आहेत.

"ज्याला दिली त्याला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "त्याचं तो सांगेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "देवधर, तुम्हाला यावर काही सांगायचंय?"

"नाही सर," मी म्हटलं. "मला असं काही आठवत नाही."

मी ही गोष्ट फक्त माझ्या बायकोला सांगितली आहे. ती म्हणते, तुझं प्रोबेशन चालू होतं म्हणून त्यांनी तुला वाचवलं. मला तसं वाटत नाही. दुसऱ्याने सांगायचं वाचन त्या कधीच सांगत नसत, यंत्रावरही नाही आणि तिथेही नाही. त्यांनी मला वाचवलं नाही. त्या माझी वाट बघत होत्या.

त्या संध्याकाळी घरी आलो, चहा घेतला, प्रबंधाच्या फायलीतून ते लाल रेघांचं पान काढलं आणि फाडलं. आधी दोन तुकडे, मग चार, मग पार बारीक. आई आतून म्हणाली, "काय रे फाडतोयस?" म्हटलं, जुने कागद आहेत.

निष्काळजीपणाचा ठपका ठेवून बाईंना भांडारात पाठवलं. तीस वर्षं ज्यांच्या हाताखाली आरसे केसभर हलायचे त्या शेवटचं दीड वर्ष परीक्षानळ्यांची खोकी उतरवून घेत होत्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या, आणि कुणी फार आग्रहही केला नाही. सरांना त्यांचं पद मिळालं. सत्काराला मी दुसऱ्या रांगेत होतो, टाळ्या वाजवल्या. मध्यंतरी मी विभागप्रमुख झालो. वर्गात शिकवताना मी मुलांना सांगतो, आधी रिकामी काच बघा. मुलं लिहून घेतात. सर फार बारकाईने शिकवतात, असं माझ्याबद्दल म्हणतात.

गेल्या एप्रिलमध्ये परीक्षांचे पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा दार ढकलून बाई आत आल्या. तिसरा मजला, लिफ्ट बंद. थोड्या वाकल्या होत्या, केस पार पिकले होते. पदर तसाच पिनेने टाचलेला. मी उठून उभा राहिलो. त्या पाणी प्यायल्या, खुर्चीत बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"आपल्या खोलीत आता एक नवीन मुलगी आलीय, शास्त्रज्ञ म्हणून. तिला जुन्या कॉम्प्युटरवर माझ्या त्या तीन आठवड्यांच्या फायली मिळाल्या. फोन करून मला बोलावलं तिने, सगळं विचारलं. ती म्हणते, पेपर दुरुस्त करायला लावते आणि माझ्यावरचा ठपकाही काढून घ्यायला लावते. पण नुसत्या आकड्यांवर भागत नाही, तेव्हाच्या तेव्हा सांगितलं होतं असा कागद हवा. ते पान असेल ना तुझ्याकडे?"

"बाई, घर बदललं ना आम्ही... त्या गडबडीत बरंच काही गेलं."

घर आम्ही बदललेलं नाही. बोरीवलीच्या त्याच घरात राहतो, फाइल त्याच कपाटात आहे.

त्या म्हणाल्या, "जाऊ दे. मग दोन ओळी लिही. असा तक्ता होता, तो मी तुला दिला होता, सरांनाही दाखवला होता. खाली सही कर. पुरे तेवढं. माझी बहीण अजून त्या निष्काळजी शब्दावरून रडते रे."

दोन ओळी. पण त्या लिहिल्या की समितीपुढे मी खोटं बोललो हे माझ्याच हस्ताक्षरात आलं. मग पदवी, ही खुर्ची, बाहेर माझं नाव लिहिलेली पाटी. सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं, आणि शरमेची गोष्ट ही की बाईंची बहीण त्यात कुठे नव्हती.

"मला जरा विचार करू दे, बाई."

"कर ना," त्या म्हणाल्या. "मी बाहेर बसते."

मला म्हणायचं होतं की दोन दिवस द्या, फोन करतो, वगैरे. पण त्या उठून गेल्यासुद्धा. मी पेपर पुढे ओढले. एकाच उत्तरपत्रिकेला तीनदा मार्क दिले. कोरा कागद घेतला, तारीख लिहिली. पाच वाजता दाराच्या फटीतून बघितलं. कॉरिडॉरमधल्या बाकावर, पंख्याखाली, बाई बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पाठ भिंतीला टेकलेली नाही, नजर माझ्या दाराकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

माझ्या केबिनमधून प्रयोगशाळेत जायला आतलं एक दार आहे. प्रयोगशाळेतून मागचा जिना उतरतो, तो थेट मागच्या गेटाशी. मी तारीख लिहिलेला कागद खणात टाकला, बॅग उचलली आणि त्या जिन्याने खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई म्हणाला, "सर, त्या कालच्या मॅडम साडेसहापर्यंत बसल्या होत्या. मी सांगितलं त्यांना, सर मघाशीच गेले. तर म्हणाल्या, ठाऊक आहे, बसते थोडा वेळ. मी म्हटलं बसा. जाताना स्वतःच पंखा बंद करून गेल्या."